गाडीतला टेप

आई जाऊन महिना झाला, तिच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा झाला, त्याच आठवड्यात पप्पा म्हणाले, "गाडीतला रेडिओ बदलायचा आहे. चल माझ्याबरोबर."

मी शर्ट बदलला आणि निघालो. त्या दिवसांत मला कोणी काही सांगितलं की मी ते करायचो. जेव म्हटलं की जेवायचो. ऑफिसातून सुट्टी घेतली होती, ती संपत आली होती, आणि परत जायचं की नाही याचंही मला काही वाटत नव्हतं.

गाडी पप्पांनी शाळेत नोकरी लागल्यावर काही वर्षांनी जुनीच घेतलेली. गोल दिवे, बारीक कड्याचं मोठं स्टीअरिंग. आमच्या भुईगावच्या खाऱ्या वाऱ्यात पत्रा टिकत नाही म्हणून ते दर शनिवारी ती पुसायचे, म्हणजे रविवारी चर्चला जाताना चकचकीत दिसावी. तिच्यातला मूळचा रेडिओ, दोन बटणांचा, मध्ये काच आणि लाल काटा, गेल्या पावसाळ्यापासून नुसता खरखरत होता.

वालीवला कारखान्यांच्या गल्लीत गाड्यांची वायरिंग करणाऱ्याचं दुकान होतं. त्याने काउंटरवर दोन वस्तू मांडल्या.

"सर, हा तुमच्यासारखाच रेडिओ. भोकं जुळतील, तासाभरात बसवून देतो. पण जुना माल आहे, किती चालेल सांगता नाही येत. आणि हा टेप. नवा आहे, रेडिओपण आहे यात. फक्त डॅशबोर्डचा पत्रा कापावा लागेल."

निवड सरळ होती. पत्रा कापायचं म्हटलं तर पप्पा दुकानातून निघून आले असते, हे मला ठाऊक होतं. आई कितीतरी वर्षं टेप बसवा म्हणून मागे लागली होती. तिच्या माहेरच्या बायकांनी लग्नात म्हटलेली गाणी कोणीतरी टेप करून दिली होती, ती तिला गाडीत ऐकायची असत. पप्पांचं उत्तर ठरलेलं, "पत्र्याला करवत लागली की गाडी गेली समज."

त्यांनी जुना रेडिओ हातात घेतला, बटण फिरवून पाहिलं, खाली ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"तुला काय वाटतं?"

मला काहीच वाटत नव्हतं. काउंटरच्या काचेखाली बल्बांचे पुठ्ठे लावलेले होते, मी ते बघत होतो. "कोणताही चालेल," मी म्हणालो.

"टेप बसव," पप्पा दुकानदाराला म्हणाले.

"पत्रा कापू ना सर? मग परत नाही जोडता येणार."

"काप."

त्याने सीटवर जुनी चादर टाकली, खडूने चौकोन आखला आणि कापायला घेतलं. पत्र्याचा आवाज गल्लीभर घुमला. पप्पा दाराला धरून उभे होते. मध्ये एकदा वाकून त्यांनी चादरीबाहेर पडलेला कीस हाताने गोळा केला. बोटाला लागलं असावं, कारण नंतर ते रुमाल गुंडाळून गाडी चालवत होते. मी विचारलं नाही.

येताना टेप लावला नाही. लावायला कॅसेट नव्हती, आणि रेडिओ लावायचं दोघांनाही सुचलं नाही.

संध्याकाळी पप्पांनी माझ्या बहिणीला हाक मारली. "आईच्या त्या कॅसेटी कुठे असतात गं?"

आईचं कपाट तोवर कोणी उघडलं नव्हतं. बहीण थोडा वेळ चावी घेऊन नुसती उभी राहिली, मग तिने उघडलं. साड्यांच्या खाली डांबरगोळ्यांच्या वासाची एक कॅसेट मिळाली. आम्ही तिघं अंगणातल्या गाडीत जाऊन बसलो, पप्पा पुढे, त्यांच्या शेजारी मी, मागे बहीण.

बायकांचे आवाज सुरू झाले. मध्येच कोणी हसत होतं, मागे भांडी वाजत होती. त्यात आईचा आवाज होता की नाही, मला ओळखता आला नाही. बहीण तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. पप्पा समोर केळीच्या रांगेकडे बघत राहिले. मी वाट बघत होतो की मलाही काहीतरी होईल. झालं नाही.

गाणं संपल्यावर मी म्हणालो, "मागचा डावा स्पीकर बंद आहे."

"उद्या दाखवू," पप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वालीवला गेलो. वायर निसटली होती, ती लगेच जोडून झाली. निघताना पप्पा चालकाच्या दाराकडे गेलेच नाहीत. दुसऱ्या बाजूने आत बसले आणि म्हणाले, "तू चालव."

ती गाडी त्यांनी कोणालाच चालवायला दिली नव्हती. आईलाही शिकवली नव्हती. मी गिअर टाकला. तो अडकत होता, वर उचलून ओढावा लागत होता, आणि भुईगाव येईपर्यंत मी फक्त तेवढ्याकडेच लक्ष दिलं. पप्पांना रस्त्यातच झोप लागली. कितीतरी दिवसांनी ते असे शांत झोपले होते, म्हणून घरी पोचल्यावरही मी त्यांना उठवलं नाही. इंजिन बंद करून तिथेच बसून राहिलो.