मिलाडरावांचा राखून ठेवलेला निकाल

कऱ्हेच्या काठावर पिंड ठेवून बराच वेळ झाला होता आणि समोरच्या बाभळीवर कावळे रुसलेल्या जावयांसारखे माना वळवून बसले होते. झुंबरआबांचा दहावा. आवडीची कांदाभजी ठेवली, तंबाखूची पुडी ठेवली, कपबशीत चहा ठेवला. कावळा काही खाली उतरेना.

"आबांचा जीव कशात तरी अडकलाय," मागनं कुणीतरी पुटपुटलं, आणि मग वचनं द्यायची रांगच लागली.

मुलगा अजित हात जोडून पुढं झाला. "आबा, डाळिंबाची बाग मोडणार न्हाय. औषधपाणी येळच्या येळी करीन." एका कावळ्यानं पंखात चोच खुपसली. सून प्रगती म्हणाली, "आबा, आज चहात साखर घातलीया. शुगर बगितली न्हाय." तिनं कपबशी पिंडाच्या आणखी जवळ सरकवली. मग आबांचे थोरले भाऊ सर्जेराव खाकरले. त्यांचं खाकरणं म्हणजे ग्रामपंचायतीत ठराव मांडणं. "झुंबर, बांधाचा दगड मी सरकावला म्हनत हुतास. मी सरकावला न्हाय. पर सरकावला आसंल, तर माघारी सरकावतो."

कावळ्यांना एवढा कबुलीजबाब पुरला नाही.

बायकांच्या घोळक्यात सारजाबाई गुडघ्याला मिठी घालून बसल्या होत्या. नवऱ्याचा जीव कशात अडकलाय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

लग्न होऊन लोणी भापकरला आल्यापासून नवऱ्याला हाक मारायला त्यांच्याकडं शब्दच नव्हता. नाव घ्यायची रीत नाही. 'अवो' म्हणावं तर रानातले सगळे गडी वळून बघायचे. अजित शाळेसाठी बारामतीला होस्टेलवर असताना घरात केबल आली आणि केबलवर लागली 'तारखेला या' नावाची कोर्टाची मालिका. नंदा नावाच्या सुनेनं सासूच्या दुधात विष कालवलं की नाही, एवढाच खटला. त्यातला वकील काळ्या डगल्याची बाही झटकून म्हणायचा, "हरकत आहे, मिलॉर्ड."

सारजाबाईंना वाटलं, न्यायाधीशाचं नावच मिलाड. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "वकील लई उद्धट हाय. एवढा मोठा मानूस, नुसतं मिलाड काय म्हनतोय. मिलाडराव म्हनावं की."

आबा ठसका लागेस्तोवर हसले. त्या दिवसापासून ते मिलाडराव झाले. नवऱ्याचं नाव घ्यायची बंदी होती, मिलाडरावांचं घ्यायला कुणाची बंदी? बांधावरनं खणखणीत हाक जायची, "मिलाऽऽडराव, भाकरी आनलीया." आयुष्यात पहिल्यांदा हाकेला एकच माणूस वळून बघायला लागला.

मालिका दोन महिन्यांत बंद पडली. न्यायाधीश नाकातल्या नाकात म्हणाले, "निकाल राखून ठेवण्यात येत आहे," आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला एक बाई पनीर चिरायला लागली. मधी न्यायाधीश येतील म्हणून आबांनी पनीर शिजून ताटात पडेपर्यंत नजर हलवली नाही.

मग कोर्ट घरातच भरू लागलं. वाद निघाला की आबा उलथण्यानं तांब्यावर टक टक करायचे. सारजाबाई पदर खोचून म्हणायच्या, "हरकत हाय, मिलाडराव." आबा नाकात आवाज काढायचे, "हरकत फेटाळण्यात येत आहे," आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप त्या म्हणतील तसंच करायचे. बोअर उगवतीच्याच कोपऱ्यात घेणार म्हणून सारजाबाईंची हरकत फेटाळली, आणि सकाळी मशीन घरघरत होतं मावळतीला. नंदा दोषी की निर्दोष, एवढं मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. "निकाल राखून ठेवलाय, सारजे."

सून आल्यावर हाक आणि कोर्ट दोन्ही दोघांपुरतीच उरली. या उन्हाळ्यात आबांचं अर्धं अंग गेलं. बारामतीला दवाखान्यात ठेवलं. आईनं सांगितलं म्हणून अजित मोबाईलवर मालिका शोधत बसला. आबांना एखादा भाग दाखवावा, तेवढंच बरं वाटेल. शेवटी म्हणाला, "आई, असली सिरीयल कुठंच न्हाय. दुसरं नाव आसंल."

"दुसरं कसं आसंल?" सारजाबाई म्हणाल्या. खाटेवरनं आबा बघत होते. ती मालिका पाहिलेली माणसं जगात बहुतेक तेवढीच दोन उरली होती.

एका दुपारी आबा जड जिभेनं म्हणाले, "घरी... न्या." सारजाबाईंनी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. "हरकत हाय, मिलाडराव. बरं हून जायाचं."

फेटाळायला जीभ वळली नाही. चांगल्या हाताच्या बोटानं त्यांनी खाटेच्या दांडीवर टक केलं, एकदाच. आणि राहिले. राहिले ते तिथंच गेले.

जन्मभर त्या माणसानं बायकोची एकेक हरकत मानली होती. ही पण मानली. बाभळीकडं बघताना सारजाबाईंना दिसत होतं, की अजून मानतोच आहे.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "दर्भाचा कावळा करूया का? मला पुढं इंदापूरला जायचंय."

सारजाबाई उठल्या. अजित म्हणाला, "आई, तू कशाला?" त्या पिंडापुढं जाऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि चुलीपुढनं बोलावं तसं हळू म्हणाल्या, "मिलाडराव, हरकत न्हाय."

"कोण मिलाडराव?" गुरुजींनी शेजारच्याला विचारलं.

सारजाबाई माघारी वळल्या होत्या. पाठीमागं पंख फडफडले, कपबशी कलंडली, आणि माणसं बोलू लागली, "शिवला, शिवला." सगळ्यांनी सर्जेरावांकडं कौतुकानं बघितलं. "बांधाचंच हुतं बगा," ते म्हणाले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. आता दगड खरंच सरकवावा लागणार होता.

सारजाबाईंनी वळून बघितलं नाही.

परतताना जीपमध्ये प्रगतीनं विचारलं, "आत्या, मिलाडराव कोन वो?"

"एक शिरेल हुती," सारजाबाई म्हणाल्या. नंदा सांगितली, दूध सांगितलं, वकिलाची बाही झटकून दाखवली. न्यायाधीश आले तेव्हा नाकात आवाज काढून बघितला. तो आवाज कायम आबांचा. सारजाबाईंना काही तो जमेना.

"मग निकाल काय लागला, आत्या?"

"न्हाय लागला," सारजाबाई म्हणाल्या. "मदीच बंद पडली."