चाचांच्या गोळ्या आणि उंदराचं पित्त

आमच्या मस्कतच्या लॅबमध्ये किस्से साचतात, उंदराचं पित्त मात्र साचत नाही. ते बारीक नळीतून थेंब थेंब गळत राहतं आणि आम्ही ते बर्फात ठेवलेल्या बाटल्यांत गोळा करतो. लिव्हर औषधाचं काय करून बाहेर टाकतं, ते त्यात सापडतं.

पहिल्याच दिवशी मी बेशुद्ध उंदराच्या पोटात पित्ताशय शोधत बसले. सापडेना! चुकून कापलं की काय, या भीतीनं मला दरदरून घाम फुटला. प्राण्यांची खोली सांभाळणारे परकारचाचा, रत्नागिरीचे, शेजारी उभे होते. म्हणाले, "बाय, शोधू नको. उंदराला ती पिशवी अल्लानं दिलीच नाय."

मग एकदा पित्तच थांबलं. बाहेर रस्ता पाय भाजून काढत होता आणि आत एसीनं उंदीर गारठला होता. मेला, असं समजून मी रडायच्या बेतात! चाचांनी दिवा जवळ सरकवला आणि थेंब पुन्हा सुरू झाले. हा माणूस कशालाच घाबरत नाही, अशी माझी खात्री झाली.

ती एका आलेखानं मोडली. हे मूळ औषध, हे लिव्हरनं बदलून पित्तात टाकलेलं, असं मी चाचांना दाखवत होते. कुठलं औषध, त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. त्यांनी खिशातून गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी काढली. तेच नाव! "उंदराला एक डोस दिलास," ते हळूच म्हणाले. "मी सहा वर्षं खातोय."

त्यानंतर रोज सकाळी मला डोळे दाखवायचे, पिवळे दिसतात का म्हणून. रक्त तपासा म्हटलं की इन्शाल्ला. रिपोर्ट वाईट आला तर नोकरी खलास, गावी पाठवतील, हीच धास्ती. त्यांच्याकडे बघून मलाही भीती वाटायला लागली.

शेवटी जवळच्याच हमरिया भागातल्या क्लिनिकला यायला तयार झाले, पण एक अट घालून. लॅबमध्ये औषध दिलेल्या उंदराशेजारी औषध न दिलेला उंदीर ठेवतात. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कुठलाच आकडा खरा मानत नाहीत. "तू एक गोळी खात नाहीस. तू माझा कंट्रोल." क्लिनिकमध्ये मीही रक्त द्यायला हसत हसत हात पुढे केला.

दोन दिवसांनी दोघांचे रिपोर्ट आणायला चाचाच गेले. त्यांचं सगळं नॉर्मल होतं. माझा कागद मात्र ते हातातून सोडेनात. पुन्हा वाचला, वरचं नाव तपासलं. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बाय, आधी बस."