ला पाझच्या पायऱ्यांवर
बहारीनमध्ये चोवीस वर्षं काढूनही आम्ही दोघं कधी कुठे पायी गेलो नव्हतो. सनाबिसच्या बिल्डिंगखालून गाडी काढायची, मॉलच्या बेसमेंटमध्ये लावायची आणि पिशव्या घेऊन परत यायचं. चालणं म्हणजे लिफ्टपासून गाडीपर्यंत. त्यामुळे मुलगी नोकरीसाठी कॅनडाला गेली त्या वर्षी ह्यांनी जुलैच्या रजेत पाठीवर सॅक लावून दक्षिण अमेरिकेत हिंडायचं काढलं, तेव्हा ऑफिसमधल्या कुणा तरुणाचा बेत हे मला सांगताहेत असंच मला वाटलं. दोन सॅक घरी आल्या तेव्हा कळलं की बेत आमचाच आहे.

हे मीना सलमान बंदरात एका गोदामाचे मॅनेजर. मित्रमंडळींत ह्यांची ख्याती म्हणजे हा माणूस रस्ता चुकत नाही. तुबलीतल्या गॅरेजच्या गल्ल्यांत सगळी शटर्स सारखीच दिसतात, पण तिथेही हे एकदा उन्हाकडे बघतात आणि बरोबर वळतात. फोनवरचा नकाशा लावणं ह्यांना कमीपणाचं वाटतं. मी शेजारच्या सीटवर बसून इतकी वर्षं रस्त्याकडे कधी लक्षच दिलं नाही. गरज पडली नाही.

तीन विमानं बदलून आम्ही बोलिव्हियात ला पाझला पोचलो. तीन सिंहगड एकावर एक ठेवले तर जेवढी उंची होईल तेवढ्या उंचीवर ते शहर आहे. पहिले दोन दिवस डोकं धरून हॉटेलात पडून काढले. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं आणि आम्ही पायी निघालो. एकच स्थानिक सिम घेतलं होतं, ते माझ्या फोनमध्ये. हॉटेलचं कार्ड माझ्या पाऊचमध्ये.

ते शहर मला शेवटपर्यंत कळलं नाही. एखाद्या मोठ्या कढईच्या आतल्या बाजूला घरं चिकटवावीत तसं ते आहे. चौकात झेब्र्याचा पोशाख घातलेली माणसं हात धरून लोकांना रस्ता ओलांडून देत होती. डोक्यावर काळ्या गोल टोप्या घातलेल्या बायका पाठीवरच्या रंगीत कापडात मुलं, नाहीतर बटाटे बांधून चढ चढत होत्या. आकाशातून केबल कार जात होत्या. ऊन भाजत होतं आणि सावलीत शिरलं की दात वाजत होते. मी दिसेल त्याचे फोटो काढत सुटले आणि दुपारी फोन बंद पडला.

परत निघायची वेळ झाली तेव्हा हे म्हणाले, "सोपं आहे. हॉटेल उत्तरेला. दुपारी सूर्य दक्षिणेला असतो. पाठीवर ऊन घेऊन चालत राहायचं."

आम्ही पाठीवर ऊन घेऊन चालत राहिलो. तासाभरानेही सकाळचं एकही दुकान दिसेना. मी म्हटलं, "अहो, कुणाला तरी विचारू या."

"विचारून काय कळणार आहे? आपल्याला स्पॅनिश येतं?"

रस्ता संपला आणि पायऱ्या लागल्या. मला धाप लागली होती. मी तिथेच बसले आणि म्हटलं, आता एक पाऊलही टाकणार नाही. ह्यांनी खाली पाहिलं, वर पाहिलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांचा चेहरा गोंधळलेला दिसला. "तू इथेच थांब. हलू नकोस. मी खाली जाऊन बघून येतो," असं म्हणून हे पायऱ्या उतरून गेले.

माझ्या मनगटावर अजून बहारीनचीच वेळ होती. त्यातून सात तास वजा करायचे, आणि ते गणित दर वेळी वेगळं येत होतं. अर्धा तास झाला असावा. पायऱ्यांच्या कडेला एक म्हातारी उकडलेले बटाटे विकत होती. तिने मला बघितलं, स्वतःजवळचं स्टूल पुढे सरकवलं आणि माझ्या गुडघ्यांवर एक घोंगडी टाकली. "कासेरिता, कासेरिता," असं काहीतरी म्हणत होती. मला वाटलं नाव विचारतेय, म्हणून मी नाव सांगितलं. ती पुन्हा "कासेरिता" म्हणाली. तिथे विकणाऱ्या बायका आपल्या गिऱ्हाइकाला लाडाने असं म्हणतात, हे पुढे हॉटेलात कळलं. तिने बटाटा आणि हिरवी तिखट चटणी दिली. ती स्पॅनिशमध्ये बोलत राहिली आणि मी सरळ मराठीत. मुलगी किती लांब गेली, घर किती शांत झालंय, हे सगळं मी तिला सांगितलं. तिने मान डोलावली. मग तिनेही काहीतरी लांबलचक सांगितलं आणि मीही मान डोलावली.

दीडएक तासाने हे आले, पण वरच्या बाजूने. गेले होते खाली.

"तू जागा का सोडलीस?" ह्यांनी आल्या आल्या विचारलं.

"मी हललेच नाही."

"मी तुला पिवळ्या भिंतीपाशी बसवलं होतं."

माझ्यामागची भिंत निळी होती. मी म्हातारीला खुणेने विचारलं, मी इथेच होते ना? तिने होकार दिला. ह्यांनी विचारलं, पिवळी भिंत? तिने त्यालाही होकार दिला. मग मलाच शंका यायला लागली. स्टुलावर जाताना मी किती सरकले होते? चार पावलं, की अख्खा एक जिना?

मी हॉटेलचं कार्ड दाखवलं. आम्ही ज्या बाजूने आलो होतो तिकडेच म्हातारीने हात केला, एक मिनीबस थांबवली आणि आम्हाला आत ढकललं. रात्री मुलीला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. ती हसत सुटली. "बाबा, यू आर इन द सदर्न हेमिस्फिअर. द सन इज इन द नॉर्थ." पुढचे सहा दिवस नकाशा माझ्या फोनवर लावून मी पुढे चालले आणि हे मागून आले.

ऑगस्टमध्ये गाडीचा एसी दाखवायला आम्ही तुबलीला निघालो होतो. सिग्नलला थांबलो असताना हे समोर बघत म्हणाले, "त्या दिवशी मी एका चर्चच्या पायरीवर बसून रडलो."

मला आधी कळलंच नाही कुठल्या दिवसाबद्दल बोलताहेत.

"हॉटेलचं नाव आठवेना. ते जाऊ दे. तू कुठल्या रंगाचं जॅकेट घातलंयस, तेही आठवेना. पोलिसांना काय सांगणार? माझी बायको हरवली, आणि पुढे?"

"लाल होतं," मी म्हटलं.

"हो. आता माहितीये."

सिग्नल सुटला, मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि हे गॅरेजच्या गल्लीत वळले. मेकॅनिक आमच्या रत्नागिरीकडचा. तो गॅसबद्दल काहीतरी सांगत होता आणि मी ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांना रडताना मी एकदाच पाहिलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा. ह्या रडण्याचं काय करायचं, ते मला कळेना. हात धरावा, तर मेकॅनिक समोर उभा.

नंतरही मी ते धरून बोलले नाही, आणि त्याचं कारण माझ्याकडे आहे. हे तिकडे रडत होते त्या दीड तासात मी घाबरले नव्हते. घाबरायला हवं, हे शेवटी शेवटी कधीतरी आठवलं. त्याआधी मी त्या स्टुलावर घोंगडी पांघरून बटाटे खात होते, आणि कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं मला बरं वाटत होतं. नवरा परका देश तुडवतोय आणि बायकोला बरं वाटतंय, ह्याला काय म्हणायचं? हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता थंडी सुरू झाल्यावर आम्ही संध्याकाळी सनाबिसच्या आतल्या रस्त्यांनी अर्धा तास चालतो. हे माझ्या अगदी जवळून चालतात. परवा कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दूध घ्यायला शिरताना म्हणाले, "तू इथे थांबू नकोस, आत चल." मी आत गेले.