मले मराठी समजते

"हिला काय कळणार बंदिश कुठं संपते? हिच्या घरात कुणी ऐकलंय का गाणं?"

हे ती नवऱ्याला म्हणाली. मराठीत. माझ्यापासून दोन हातांवर उभी राहून. मी हॉलच्या दाराची मूठ धरून उभी होते. त्याच्या आधीचं वाक्य ती माझ्याशी हिंदीत बोलली होती, "हटो, हमारी सीट आगे की है."

रविवारची सकाळची मैफल होती. दहाला सुरू झाली. हे दोघं साडेदहाला आले. गाणं चालू असताना दार उघडायचं नाही, एक चीज संपून टाळ्या पडल्या की उशिरा आलेल्यांना आत सोडायचं, हा आमच्या जयपूरच्या हॉलचा नियम. तिकिटाच्या मागे छापलेला आहे. मी म्हणाले, "मैडम, बस दो मिनट." दाराला कान लावला. द्रुत चालू होतं. तबला आता शेवटच्या तिहाईवर येणार हे मला कळत होतं. या दारात मी तीन वर्षं उभी आहे. गाणारा समोरून फारसा कधी पाहिला नाही. पण ऐकलंय सगळं.

तिचा नवरा बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. तो मला घड्याळ दाखवत राहिला. ती पुढं म्हणाली, "ह्यांना कुठंही उभं केलं की तिथले मालकच होतात."

ह्यांना. या शब्दात कोण कोण बसतं, ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

ही बाई पहिल्यांदा भेटली तेव्हा माझ्याशी मराठीतच बोलली होती. दोन वर्षांपूर्वी, थंडीत. मी फोनवर आईशी बोलत होते, ते तिनं ऐकलं. "अगं बाई, मराठी का तू? कुठली?" म्हटलं, अकोल्याकडची. तिचा चेहरा असा फुलला की मलाही बरं वाटलं. "आम्ही बनी पार्कला असतो. संक्रांतीला ये हं घरी." मग तिची नजर माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर गेली. त्यावर माझं पूर्ण नाव असतं.

जयपुरात माझं आडनाव कुणाला वाचता येत नाही. इथले लोक विचारतात, "कौन हो?" मी म्हणते, मराठी. त्यावर भागतं. महाराष्ट्रात एकच जात राहते असं त्यांना वाटत असावं. पण मराठी डोळ्याला आडनाव पुरतं. आम्ही बौद्ध. तिनं वाचलं. म्हणाली, "अच्छा. चलो, सीट दिखाओ."

तेव्हापासून ती माझ्याशी हिंदीतच बोलते. संक्रांत दोनदा येऊन गेली.

आणि मीही तिला हिंदीतच उत्तर देत राहिले. हेही लिहायला हवं.

का दिलं? बाबा रेल्वेत ट्रॅकमन. आम्ही जयपूरजवळ फुलेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात वाढलो. तिथल्या सरकारी शाळेत बाईंनी माझा कॉलेजचा फॉर्म स्वतः भरला. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. या हॉलनं नोकरी दिली, काळा कोट दिला. मी सगळ्यांची आभारी होते. शाळेची, बाबांची, मॅनेजरची. पंख्याखाली उभं राहायला मिळतं म्हणून पंख्याचीसुद्धा. त्यामुळं कुणी हातावर कोट टाकला, घेतला. कुणी चुटकी वाजवून बोलावलं, गेले. कुणाच्या मुलानं खुर्चीत ओकलं, पुसलं, आणि त्या मुलाची आई मलाच म्हणाली, "ध्यान कहाँ रहता है तुम्हारा?" दिवसाच्या शेवटी पाय दुखतात ते कळतं. बाकीचं कुठं दुखतं ते कळत नाही.

टाळ्या पडल्या. मी दार उघडलं. माझ्याकडे न बघता ती आत गेली.

मध्यंतरात मॅनेजरनी बोलावलं. तक्रार आली होती, मी उद्धटपणा केला म्हणून. त्या नवरा-बायकोचं मराठी मंडळ वर्षभर आमचा हॉल भाड्यानं घेतं. आणि मला कायम करायचा कागद याच महिन्यात मॅनेजरच्या सहीला गेलेला. ते म्हणाले, "बोल दो सॉरी, बेटा. ज़बान घिस थोड़े ही जाएगी." माणूस वाईट नाही. माझ्या भल्यासाठीच सांगत होते.

मी गेले. लॉबीत मंडळाचे सातआठ जण चहा-कचोरी घेत उभे होते. खोटं कशाला लिहू, मी सॉरी म्हणायलाच गेले होते. शब्द तोंडात तयार होता. तेवढ्यात ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "बघा, आली की नाही सरळ? असंच ठेवावं लागतं."

"काकू, मले मराठी समजते."

मला शुद्ध बोलायचं होतं. पण मी मराठी शाळेत कधी गेलेच नाही, पुस्तकी मराठी फक्त वाचून-लिहून येते. आमच्या घरात जी बोलतात तीच आली.

तिचा नवरा म्हणाला, "तुझा काहीतरी गैरसमज होतोय." ती हसली. "अगं, मग आधी नाही का सांगायचं!"

"तुम्हाले माहीत होतं. तुम्हीच विचारलं होतं, कुठली म्हणून."

मागून कुणीतरी म्हणालं, "ही कुठली मराठी?" दोघंतिघं हसले. माझे कान तापले. तरी मी म्हणाले, "दार मी नियमानं बंद ठेवलं. माफी मांगणार नाही." घंटा झाली. मी दारावर परत गेले.

कार्यक्रम संपल्यावर मॅनेजर म्हणाले, "कल तक लिखकर माफ़ीनामा दे दो. नहीं तो मैं कुछ नहीं कर पाऊँगा."

दुपारी शास्त्री नगरला घरी आले. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणून टाकाचं होतं सॉरी, पोरी. आपलं काय जाते?"

रागावून नाही म्हणाले. तीस वर्षं हेच वाक्य ते प्रत्येक साहेबानंतर स्वतःला सांगत आले. मी लहानपणापासून ऐकलंय ते, दारात बूट काढताना.

"बाबा, तुमचं किती गेलं?"

ते उठून चहा ठेवायला गेले. बराच वेळ आतच राहिले.

सोमवारी मी मॅनेजरला कागद दिला. त्यात ती जे जे बोलली ते जसंच्या तसं लिहिलं, मराठीत, आणि खाली हिंदीत अर्थ. त्यांनी दोनदा वाचला. "ये नहीं, माफ़ीनामा चाहिए था."

"सर, मेरे पास यही है."

अजून काही कळलेलं नाही. कायम करतील, काढतील, ठाऊक नाही. ही नोकरी मला हवी आहे. घराला हवी आहे. आणि मी फार थकले आहे. ज्यांनी शिकवलं, त्यांचे उपकार मरेपर्यंत मानीन. या बाईचा माझ्यावर एकही उपकार नाही. माफीनामा पुन्हा मागितला, तर हाच कागद पुन्हा देईन.