हरलेल्या टीमचा पणतू

कतारमध्ये मेसईदच्या कारखान्यातून दोह्याला परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. नाव मी मुद्दामच विचारलं नाही. डब्याच्या झाकणावर खजुराच्या अकरा बिया मांडून तो आपल्या पणजोबांच्या कॉलेजची फुटबॉल टीम उभी करायचा. शंभर वर्षांपूर्वीचा एकच हंगाम, सहा सामने आणि सहाही हरलेले! तरी सांगताना त्याचे डोळे चमकायचे. चौथ्या सामन्यात गोलकीपर पणजोबांचं धोतर कसं सुटलं, ते सावरेपर्यंत बॉल कसा आत गेला, सगळं त्याला पाठ. बसने गचका खाल्ला आणि बिया घरंगळल्या, की म्हणायचा, "बघा, डिफेन्स फुटला!" पुढच्या सीटवरचे लोकसुद्धा मागे वळून ऐकायचे.

माझा नुसता जळफळाट व्हायचा. हरलेल्या टीमचं एवढं कौतुक! एकदा राहवलं नाही. म्हटलं, "माझे पणजोबाही कॉलेजच्या टीममध्ये होते. त्यांनी कप जिंकला होता!" तो कप अजून पुण्याच्या घरी आहे आणि आई त्यात सुटी बटणं ठेवते, हे मात्र बोललो नाही.

तो खरोखर खूश झाला. झाकण माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "अरे वा! मांडा ना. फायनल कुणाशी होती? गोल कुणी मारला?"

मला एकही बी मांडता येईना.

"असू द्या," तो हळूच म्हणाला, "ज्यांना हरवलं ना, त्यांच्या घरी विचारा. त्यांना सगळं आठवत असेल."