विसाव्या हिश्शाचं पाणी

आकुर्डी ते चाकण हा काही ब्लॉग लिहिण्याजोगा प्रवास नाही. हजारो लोक तो रोज शिफ्टसाठी करतात, मीही करते. पण त्या रविवारी मी कंपनीत चालले नव्हते, तपासणीला चालले होते.

कारण आमचा विसावा हिस्सा. कमाईचा विसावा भाग समाजाला द्यायचा, ही आम्हा बौद्ध घरांतली जुनी रीत. सासरे, म्हणजे आबा, कारखान्यात लागल्यापासून ती पाळतात. पुढे माझी कॉलेजातली लेक मित्रा म्हणाली, "देतोय ते उपयोगी पडतं का, त्याचा पुरावा बघू या." महिनाभर वाचून तिने सांगितलं, गरीब वस्त्यांत पिण्याच्या पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकले तर लहान मुलं वाचतात. तेव्हापासून हिस्सा थेंब वाटणाऱ्या एका संस्थेला जातो, थोडा आफ्रिकेतल्या गावांसाठी आणि थोडा चाकणमागच्या कामगार वस्तीसाठी. यंदा आबा अडून बसले. "कागदावरचा पुरावा झाला. डोळ्यांनी कोण बघणार?" आफ्रिका लांब, चाकण जवळ. इथेच थेंब वापरात नसतील तर हिस्सा थांबवायचा, असं ठरलं.

जाणार असाल तर भोसरीला बस बदला, सुटे पैसे ठेवा आणि सातच्या आत निघा. मी आणि मित्रा आठला निघालो आणि मोशीच्या पुढे कंटेनरांच्या रांगेत अडकलो. चाकणला मिसळ घेतली. तर्री फक्कड होती, मित्राने दोनदा मागून घेतली. सोबत पाण्याची सीलबंद बाटली ठेवा, हे मी प्रत्येक पोस्टमध्ये लिहिते. माझ्याही पिशवीत होती.

वस्तीत पोचलो तर अंगणं झाडलेली, पत्र्याच्या खोल्यांपुढे निळे पिंप लख्ख घासलेले. हातातल्या तक्त्यावर खुणा करत चार घरांत विचारलं, चारही घरांत एकच उत्तर: "रोज टाकतो, ताई. एकदम ओके!"

मित्रा कानाशी येऊन पुटपुटली, "आई, थेंबांच्या एकाही बाटलीचं सील तोडलेलं नाही."

हा प्रकार माझ्या ओळखीचा होता. मी सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला आहे. ऑडिट येणार म्हटलं की आम्हीही आदल्या दिवशी फरशी पुसतो, रजिस्टरं भरून काढतो. आणि मी शहाणीने सवयीप्रमाणे संस्थेला चार दिवस आधी फोन केला होता.

पाचव्या घरातल्या लक्ष्मीबाई एका कंपनीत साफसफाई करतात. माणसं परभणीकडची. माझ्या हातातला तक्ता बघून त्या हसल्या.

"ऑडिट हाय न्हवं? खरं सांगू का, ताई? पंधरा दिस झाले थेंब सरून. तुमी येनार म्हनून काल वाटले."

"मग तुम्ही काय करता?"

त्यांनी फळीवरून एक बाटली काढली. लेबल पुसलेलं, तळाला बोटभर थेंब. "म्या पुरवून पुरवून टाकते. मागल्या साली लेकरू लई आजारी पडलं व्हतं, हगवनीनं. यंदा दवाखान्याची पायरी न्हाई चढली. बसा, पानी घ्या."

त्यांनी दोन पेले भरले. मी तीन वर्षं ज्या पाण्यासाठी पैसे देतेय, ते समोर आलं होतं. आणि माझा हात? तो मित्राचा पेला धरायला पुढे गेला, तिने पिऊ नये म्हणून. मित्राने तो हात बाजूला सारला आणि ती घटाघटा पाणी प्यायली. मी म्हटलं, "मला तहान नाही." लक्ष्मीबाईंची नजर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या बाटलीवर गेली. माझा पेला त्यांनीच पिऊन टाकला.

परतताना बसमध्ये मी दर दहा मिनिटांनी मित्राला विचारत होते, "पोट बरं आहे ना?" शेवटी ती चिडली. "आई, पुरावा आपणच शोधला होता ना?"

तिला काहीही झालं नाही. घरी तिने सगळं सांगितलं, माझ्या पेल्यासकट. आबा म्हणाले, "हिस्सा चालू ठेवा. पण थेंब वेळेवर का पोचत नाहीत, ते संस्थेला विचारा."

विचारलंय. दोन महिन्यांनी पुन्हा जाणार आहोत, न कळवता. तक्ता नेणार नाही. बाटलीही न्यायची नाही असं ठरवलंय, पण निघताना माझा हात ती गुपचूप पिशवीत टाकेल, हीच धास्ती आहे.