भुतांचं काम आहे, या

माझी आई तिच्या सासरी ‘पांढऱ्या पायाची’ होती. यवतमाळकडच्या आमच्या गावात ती लग्न होऊन आली आणि घरची विहीर आटली, असं सगळे सांगायचे. एकदा नाव पडल्यावर पुढचं सगळं आपोआप तिच्या नावावर चढत गेलं. आजोबा अंथरुणाला खिळले ते तिच्यामुळे, म्हैस गाभण राहिली नाही ती तिच्यामुळे. शेवटी बाबा आम्हाला घेऊन पुण्याला आले. बिबवेवाडीत पत्र्याची एक खोली, बाबांना मार्केट यार्डात हमाली आणि आईला चार घरच्या पोळ्या. बाबांची पाठ गेली तेव्हा बरेच महिने आईच्या पोळ्यांवरच आम्ही राहिलो, मी आणि धाकटी शिकलो.

गाव सुटलं, पण ते नाव आईने बरोबर आणलं. चाळीत कुणाचं बारसं असलं की ती मागच्या मागे भांडी घासायला बसायची. हळदी-कुंकवाला गेली नाही. कॉलेजात मला पदवी मिळाली तो कार्यक्रम होता. आमच्या घराण्यातली मी पहिली ग्रॅज्युएट, प्राणिशास्त्र घेऊन, फर्स्ट क्लास. आई आली, पण सभागृहाबाहेर, जिथे गाड्या लावतात तिथे उभी राहिली. “तू जाय पोरी आत. चांगल्या कामात मी कायले?” मी आत टाळ्या घेतल्या आणि बाहेर येऊन तिच्या पाया पडले, तर तिने पाय मागे घेतले.

हे एवढं सांगितल्याशिवाय मुजावर मॅडम कोण होत्या ते कळायचं नाही.

नसीम मुजावर आमच्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात शिक्षण अधिकारी होत्या. येणाऱ्या शाळांना प्राणी दाखवायचे, पाट्या लिहायच्या, लोकांना शहाणं करायचं, हे त्यांचं काम. सुती साडी आणि खाली खेळाडूंचे बूट. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, चार पिढ्या पुण्यात. टेबलावरचं नाव वाचून लोक त्यांच्याशी मोडकीतोडकी हिंदी बोलायला लागायचे. मॅडम शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “आपण मराठीत बोललात तरी मला राग येणार नाही.” समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसायचा.

त्यांच्या पाट्या बघायला लोक थांबत. माकडांच्या पिंजऱ्यापुढे लिहिलं होतं, ‘ओरडू नये. त्यांना ऐकू येते.’ मगरीपुढे, ‘ती जिवंत आहे. खडा मारून खात्री करू नये.’

मी मुलाखतीला गेले तेव्हा छाती पुढे काढून सांगितलं, “मॅडम, मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे.” मला वाटलं, कौतुक होईल. त्या म्हणाल्या, “अभिनंदन. दुसरं कोण होणार, ते ठरलंय का?” मी म्हटलं, “धाकटी बहीण.” तर म्हणाल्या, “मग तिला अभ्यासाला वेळ मिळेल असं बघा. उद्यापासून या.” अशी मी त्यांची मदतनीस झाले.

मॅडमची एका शब्दावर करडी नजर होती. ‘म्हणून’. आमच्या ऑफिसातले एक जण एकदा उशिरा आले आणि म्हणाले, “काय करणार, मांजर आडवं गेलं म्हणून गाडी पंक्चर झाली.” मॅडमनी चष्मा काढला.

“मांजर आधी गेलं?”

“हो.”

“पंक्चर मग झालं?”

“हो, मॅडम.”

“ठीक. मग हे ‘म्हणून’ कुठून आणलंत? तेही रस्त्यातच पडलं होतं का?”

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, “आधी काय झालं आणि मग काय झालं, एवढंच सांगा. ‘म्हणून’ मी लावीन.” माझ्या पाट्यांचे मसुदे तपासताना त्या दुसरं काही बघायच्याच नाहीत. लाल पेन आणि ‘म्हणून’ला गोल. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. आपण शिकून आलोय आणि ही बाई एका शब्दावर अडते, असं वाटायचं.

करोना ओसरल्यावरची गोष्ट. मोठे साहेब एका मॉलमध्ये काहीतरी बघून आले आणि म्हणाले, आपल्याकडेही मुलांसाठी हॅलोविन करायचं. खालच्या कामगारांनी त्याचं लगेच ‘हलवाईन’ केलं. मॅडम म्हणाल्या, “आपल्याकडे भुतं कमी पडली का, परदेशातून मागवायला?” पण दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनीच सांगितलं, “करू. दिवाळीच्या सुमाराला घुबडं मारतात लोक, जादूटोण्यासाठी. त्याच दिवसांत येतंय ना हे? मग भुतं ठेवू, पण बदनाम प्राण्यांच्या बाजूने.”

ठरलं ते असं. दुपारच्या उन्हात भुतांची कोर्टकचेरी. मुलांनी घुबड, वटवाघूळ, पाल, काळी मांजर, धामण यांचे कागदी मुखवटे करून यायचं आणि आरोपी म्हणून उभं राहायचं. भुतांचे मुखवटे घातलेली मुलं दोन्ही बाजूंची वकील. वाघ-सिंहाच्या मुखवट्यांना बंदी. एका आईने फोनवर हुज्जत घातली तेव्हा मॅडम म्हणाल्या, “अहो, वाघाचं सगळं छान चाललंय. त्याला वकिलाची गरज नाही.” ढोल नाही, फटाके नाहीत, गाणी नाहीत. फाटकावर पाटी लागली : ‘प्राणी झोपायच्या आत भुतांनी घरी जावे.’

खायला काय ठेवायचं, हा प्रश्न डब्याच्या वेळी सुटला. त्या दिवशी आईने मला लाल भोपळ्याचे घारगे दिले होते. मॅडमनी एक उचलला, मग दुसरा, आणि मग डबाच पुढे ओढला. “परदेशी भुतांचा भोपळा आणि आपले घारगे. जमलं की! कुणी केलेत?”

“आईने.”

“मग त्यांनाच बोलवा.”

मी म्हटलं, “मॅडम, ती येणार नाही.” का ते विचारल्यावर सगळं सांगितलं. गाव, विहीर, पांढरे पाय, सभागृहाबाहेर उभं राहणं. मला वाटलं, आता त्या चिडतील, अंधश्रद्धेवर काहीतरी बोलतील. त्यांनी डब्याला झाकण लावलं. मग म्हणाल्या, “आईंना माझा निरोप सांगा. म्हणावं, हे चांगलं काम नाही. भुतांचं काम आहे, या.”

मी तसंच सांगितलं. आई परात पुसत होती ती थांबली. “भुताईचं?”

“हो. घुबडं, वटवाघळं, काळी मांजरं. सगळे अपशकुनीच येणार आहेत.”

“मंग तिथं मायानं काय बिघडते?” असं म्हणाली आणि चक्क हसली. आमच्या पुण्यातल्या सगळ्या वर्षांत एखाद्या कार्यक्रमाला जायला आई आपण होऊन तयार झाली ती तेव्हा पहिल्यांदा.

कार्यक्रमाच्या सकाळी तिच्या मदतीला बाहेरून दोन-तीन बायका आणल्या होत्या. भोपळ्यांचा ढीग पडला होता, विळ्या मांडलेल्या होत्या आणि कुणी हात लावत नव्हतं. मी विचारलं तर सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. अख्खा भोपळा बाईने चिरायचा नसतो. पहिली सुरी पुरुषाने लावायची, मग बायकांनी. भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, असं मानतात. आणि पुरुष कामगार तर सगळे पिंजऱ्यांवर गेलेले.

मी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी वाद घातला नाही. “पहिला घाव दुसऱ्याने घातला तर चालेल ना? मग ठीक.” त्यांनी माहुताला हाक मारली. हत्तींना भोपळे नेहमीचेच. माहूत हत्ती घेऊन कुंपणापाशी आला, तशा बायकांनी पदर सावरून हात जोडले. “गणपतीच आला बाई! याच्याहून मोठा पुरुष कोन?” एकेक भोपळा आत लोटला. हत्तीने पाय ठेवला की फटकन दोन फाका. माहूत त्या बाहेर सरकवायचा, बायका धुऊन चिरायला घ्यायच्या. जोरात काम सुरू झालं. शेवटचा भोपळा हत्तीने उचलून सरळ तोंडात टाकला, तेव्हा माहुताने पाठीवर थाप मारली. “चल बाई, झालं तुझं काम.”

विळ्या थांबल्या.

“बाई?” आईने विचारलं.

“हत्तीण आहे ना ती,” माहूत म्हणाला.

 मग आईला जे हसू फुटलं! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली आणि तिच्यामागे सगळ्याच. मॅडम चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाल्या, “आता चिरलेत, तर तळा.”

दुपारी कोर्ट भरलं. शाल पांघरलेली एक चिमुरडी न्यायाधीश. आरोपीच्या पिंजऱ्यात घुबड. एका भुताने आरोप वाचला, “हे ज्या घरावर बसतं तिथलं माणूस मरतं.” घुबडाच्या वकिलाने विचारलं, “माणूस आधी आजारी होता, की घुबड आधी बसलं?” मग त्याने सांगितलं की आजाऱ्याच्या घरी रात्रभर दिवा असतो, दिव्यावर किडे येतात, किड्यांवर पाली येतात आणि पालींवर छोटं घुबड येतं. न्यायाधीशबाईंनी निकाल दिला, “घुबड जेवायला आलं होतं. सोडून द्या!” केवढ्या टाळ्या पडल्या. मी मागे बघितलं. आई घारग्यांचं ताट हातात धरून तशीच उभी होती. टाळ्या वाजवत नव्हती.

मुलं पांगल्यावर मॅडम चहा घेऊन आईशेजारी बाकावर बसल्या. त्या फ्लास्कच्या झाकणातूनच चहा प्यायच्या.

“ताई, तुमच्या घरी विहीर होती ना?”

“होती. मी आली अन् आटली.”

“तुम्ही कधी आलात?”

“वैशाखात. लगन वैशाखातलंच.”

“लग्नाचा स्वयंपाक सासरीच होता?”

“सासरीच. सारं गाव जेवलं.”

“पाणी कुठलं वापरलं?”

“तीन कोसावरून आनलं ना. गाडीवर डरम बांधून.”

“इतक्या लांबून? का?”

“विहिरीत पानी नोयतं म्हू...”

आई तिथेच थांबली. कप तिच्या हातात होता, तो तिने खाली ठेवला. मॅडमनी झाकणातला चहा संपवला. मग हळूच म्हणाल्या, “हे ‘म्हणून’ बरोबर आहे, ताई.”

घरी आल्यावर आईने बाबांना विचारलं, “विहीर माया आधीच आटली होती का जी?” बाबा म्हणाले, “हो ना. डरम तर मीच भरून आनले.” “मंग बोलले कायले नाही?” बाबांनी मान खाली घातली. म्हणाले, त्यांच्या आईपुढे बोलायची हिंमत नव्हती. आणि मग सवय झाली. आई त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. ताट वाढायची, पण बोलायची नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला रागावलेली बघितली आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

एका दुपारीत सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. बारशाला गेली तरी ती दाराशीच बसायची. पण आता दाराच्या आतल्या बाजूला. पुढच्या वर्षी भुतांच्या कोर्टाला निरोप द्यावा लागला नाही, तिनेच भोपळे निवडून आणले आणि पहिली विळी स्वतः लावली. दुसऱ्या बायकांनी विचारलं तर म्हणाली, “काही होत नाही. मी करून पाह्यलं.”

मॅडम निवृत्त झाल्या आणि वर्षभरातच आजारी पडल्या. लग्न केलं नव्हतं, खडकीला भावाच्या घरी होत्या. आजाऱ्याच्या घरी पाऊल टाकायचं नाही, हा आईचा सगळ्यात जुना नियम. तीच आई दर रविवारी दोन बस बदलून खडकीला जायची, पलंगाशी बसून त्यांचे पाय चेपायची. मॅडमना खाणं जात नव्हतं, तरी घारग्याचा तुकडा तोंडात ठेवायच्या. एकदा म्हणाल्या, “ताई, तुम्ही आलात आणि मला बरं वाटलं. मधे ‘म्हणून’ लावायचं की नाही, ते आता तुम्ही ठरवा.”

आई म्हणाली, “लावा ना बाई. माया नावावर एक तरी चांगलं लावा.”

श्रावणात मॅडम गेल्या. आई माझ्याआधी पोचली होती. घरातल्या बायकांबरोबर बसून होती, आणि तिला कुणी परकं समजलं नाही.

मी आता त्यांच्या जागेवर आहे. नोकरी कायम झाली. धाकटी नर्सिंगची पदवी घेऊन ससूनजवळच्या एका दवाखान्यात लागली. गेल्या माघात तिचं लग्न झालं. गावाकडचे सगळे आले होते. आईने व्याह्यांना दारात ओवाळलं, विहिणीची ओटी भरली, आणि मांडवात बाबांच्या शेजारी पाटावर बसून लेकीचं कन्यादान केलं.